मिरजेला सोबत

"ऊठ," मी त्रिशलाला म्हटलं. "चल, घरी जाऊया."

"का गं?"

"पोटात दुखतंय माझ्या."

"मग इंटरव्हलला सोडा पी. आत्ता कुठं सिनेमा रंगात आलाय." तिनं पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. मांडीवरच्या पिशवीतल्या शेंगा फोडत राहिली.

पडद्यावर एक डॉक्टर चष्मा काढून पुसत होता. सिनेमातला डॉक्टर चष्मा पुसायला लागला की पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याच्यासमोर खुर्चीत दोन मैत्रिणींपैकी उंच होती ती एकटीच बसली होती. बुटकी बाहेरच्या बाकड्यावर केळं खात होती. डॉक्टर हिंदीत म्हणाला, तुमच्या मैत्रिणीकडं फार दिवस नाहीत, पण तिला हे सांगू नका.

मला दरदरून घाम फुटला. कारण माझ्या शेजारी शेंगा फोडत बसलेल्या बाईकडंही फार दिवस नव्हते. ते तिला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणजे दोघंच, तिचा नवरा आणि मी.

आता म्हणाल, असल्या बाईला असला सिनेमा दाखवायला कोण नेतं? मीच नेलं. बाहेर पोस्टरवर दोन बायका स्कूटरवर बसून दात काढत होत्या. एकीचा पदर वाऱ्यावर उडालेला, दुसरीच्या हातात फुगा. मला वाटलं, विनोदी असेल. तेवढंच चार घटका हसेल बिचारी. माझं नशीब बघा, अख्ख्या इचलकरंजीत त्या आठवड्यात दुसऱ्या दोन थिएटरांत मारामारीचे सिनेमे होते.

त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. दुपारी मी मशीनवर साडीला फॉल लावत बसले होते. आमचे हे टेम्पो घेऊन सोलापूरला गेलेले, लेक कॉलेजात. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं तर महावीरभावजी, त्रिशलाचा नवरा. सूतगिरणीत नोकरीला असलेला, मान खाली घालून जाणारा माणूस. मी एकटी घरात असताना त्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशीही ओलांडला नाही. हातातला ब्लाऊजपीस पुढं केला आणि तिथंच उभे राहिले.

"कुणाचा शिवायचाय?"

"त्रिशलाचा."

"अहो, मग ती आली असती की. समोरच्या दारातनं इथं यायला तिला काय रिक्षा लागते?"

भावजी उंबऱ्यावर खाली बसले आणि ब्लाऊजपीस तोंडाला लावून रडायला लागले. बाप्यामाणसाला असं रडताना मी माझ्या सासऱ्याच्या मयतीला तेवढं बघितलं होतं. मशीनवरचा पाय माझा आपोआप थांबला.

"भांडलात काय?"

"वहिनी, त्रिशलाचं काही खरं नाही. ते दुखणं आहे तिला. मोठं."

आमच्या गल्लीत त्या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे. नाव घेतलं की ते घर बघून ठेवतं म्हणायचे. मी विचारलं, "कुठं?"

त्यांनी आपल्या छातीवरून, पोटावरून, हातावरून हात फिरवला. "सगळीकडं. अंगभर."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, मिरजेला न्या, उशीर करू नका. मी विचारलं, नेल्यावर बरी होईल का? तर म्हणाले, दोन वर्षं, तीन वर्षं, सांगता येत नाही."

"तिला सांगितलंत?"

"कसं सांगू? सुई बघून बेशुद्ध पडणारी बाई ती. हे कळलं तर दुखणं राहील बाजूला, धसक्यानंच जाईल."

ते खरं होतं. त्रिशला म्हणजे गल्लीतली वाघीण. नळावर तिच्यापुढं कुणाची घागर लागायची नाही. पण सुईचं नाव काढलं की शेळी. बाळंतपणात नर्सला ढकलून ती कॉटवरनं उतरली होती आणि तशीच चालत दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली होती. शिवाय आमच्यात आजाऱ्याला आजार सांगायची पद्धतच नव्हती. माझ्या आईला शेवटपर्यंत आम्ही अल्सर म्हणून सांगितलं. तीही मरेपर्यंत आम्हाला अल्सरच म्हणत राहिली. कोण कुणाला फसवत होतं, देव जाणे. त्यामुळं सांगू नका म्हटल्यावर मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कशावरनं कळलं, कधी तपासलं, असलं काही विचारायचं तर माझ्या डोक्यातच आलं नाही. डोकं होतंच कुठं जागेवर? दिवाळीनंतर गिरणीच्या तपासणी शिबिरातनं येताना आम्ही दोघींनी रस्त्यात उभं राहून, हसून हसून बर्फाचा गोळा खाल्ला होता. तेव्हा तर ती चांगली धडधाकट होती.

"माझ्यासाठी ती मिरजेला यायची नाही," भावजी म्हणाले. "पण तुमच्यासाठी येईल. तुमचंच काहीतरी दुखतंय म्हणा. सोबतीला चल म्हणा. तिथं गेल्यावर डॉक्टर सांगतील, आलाच आहात तर दोघींचीही तपासणी करू. मी बोलून ठेवलंय."

मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार?

त्याच संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि खोटं बोलले. म्हटलं, मला बरं नाही गं. अंगात त्राण नसतं. दोन ब्लाऊज शिवले की डोळ्यांपुढं अंधारी येते. जेवायला बसलं की चार घासांत पोट गच्च होतं. हे काळेनिळे डाग बघ, कुठं आपटलेलंही आठवत नाही. एवढं सगळं बोलायला मला काही फार कष्ट पडले नाहीत. थकवा होताच. दिवसभर मशीन हाणणाऱ्या बाईला तो असायचाच. डाग म्हणाल तर कपाटाचं दार मोडकं होतं, येताजाता लागायचं.

त्रिशलानं माझा दंड हातात घेऊन डाग निरखून बघितले.

"मूर्ख आहेस. आधी का बोलली नाहीस? पुढच्या सोमवारी जाऊया मिरजेला. मी येते सोबत."

"आणि सुई टोचली तर?"

"तुला टोचणार, मला थोडीच? मी तोंड फिरवून बसेन."

मी मनात म्हटलं, देवा, हिला मी बोकडासारखी सजवून न्यायला निघालेय. म्हणून मग शनिवारी तिला सिनेमाला नेलं. जायच्या आधी जरा गोड करावं म्हणून.

तीनचा खेळ घेतला, कारण त्रिशला जैनांची, दिवस मावळल्यावर जेवत नाही. सहाला सुटला की घरी जाऊन वेळेत चार घास खाता येतात. तिचं सगळं आयुष्य सूर्य बघून चाललेलं. लग्नाच्या पंगतीतनंसुद्धा ती ऊन बघत उठायची.

तर तिथं, त्या अंधारात, मी घामानं भिजून बसले होते. आजूबाजूच्या बायका आधीच नाकं ओढायला लागल्या होत्या. उंच मैत्रीण दवाखान्यातनं बाहेर आली आणि बुटकीला म्हणाली, काही नाही गं, साधा अशक्तपणा आहे. बुटकी म्हणाली, बघ, मी म्हटलं नव्हतं? आणि केळ्याची साल तिच्या पर्समध्ये टाकली.

त्रिशला खळखळून हसली. मी तिच्याकडं बघत होते. पडद्याच्या उजेडात तिच्या गालाची हाडं वर आल्यासारखी दिसली. डोळ्यांखाली काळं दिसलं. आठवडाभर मी हेच करत होते. ती खोकली की माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. ती उपवासानं बारीक झाली होती, पण मला तिथं दुसरंच काही दिसत होतं.

इंटरव्हलला दिवे लागले. तिनं शेंगांची टरफलं नीट पिशवीत भरली आणि माझ्याकडं वळली.

"ती उंच आहे नव्हं, अगदी बिनडोक आहे."

"का?"

"सांगायला नको तिला? दुखणं तिचं, जीव तिचा, आणि माहीत कुणाला, तर हिला. ही कोण लागून गेली?"

"सांगून काय करणार बिचारी? भिऊन मरेल."

"मग भिऊ दे की. तिची भीती आहे, तिला भिऊ दे." तिनं एक शेंग माझ्या हातावर ठेवली. "मला काय झालं असतं आणि तू माझ्यापासनं असं लपवलं असतंस, तर मी मेल्यावरसुद्धा तुझ्याशी बोलले नसते."

शेंग माझ्या हातातनं पडली. ती खुर्चीखाली वाकून शोधायला लागली. मी म्हटलं, राहू दे गं. ती म्हणाली, अन्न आहे, तुडवायचं नाही, आणि शोधून काढलीच. मला वाटलं, आता हिला सांगून टाकावं. इथंच, दिवे लागलेत तोवर. तोंड उघडलं आणि दिवे गेले.

नंतरचा भाग मी बघितला न बघितल्यासारखा. बुटकी खंगत चालली होती. उंच दर वेळी नवं खोटं सांगत होती. दोघी समुद्रावर गेल्या, गाणं झालं. बायका हमसून हमसून रडत होत्या. त्रिशला रडत होती आणि मधून मधून पडद्यावरच्या उंच मैत्रिणीला शिव्या देत होती. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. तेवढ्यात मागची गोष्ट दाखवली, आजार पहिल्यांदा कसा सापडला ती. बुटकी दवाखान्यात खुर्चीवर बसलीय, नर्स तिच्या दंडाला रबरी नळी बांधते, सुई घालते. त्रिशलानं सवयीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं.

"झालं की सांग."

"झालं," मी म्हटलं.

पण झालं नव्हतं. नर्सनं रक्ताच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर बुटकीचं नाव होतं. ते नाव पडदाभर मोठं दिसलं आणि तसंच थांबून राहिलं.

माझा उजवा हात डाव्या कोपरावर गेला. जिथं आत वाकतं तिथं. मला ती जागा दुखल्यासारखी झाली.

दिवाळीनंतरचं ते शिबिर. गिरणीतल्या कामगारांच्या बायकांसाठी होतं. माझा काही संबंध नव्हता, मी नुसती त्रिशलाच्या सोबतीला गेले होते. मोठ्या हॉलमध्ये बायकांची रांग, पुढं टेबल, टेबलावर रक्त घ्यायचं सामान. पुढच्या बाईला सुई टोचलेली दिसली तशी त्रिशला पांढरीफटक पडली. माझं मनगट धरून म्हणाली, मंगल, मी नाही देणार, मी पडते इथंच. मी म्हटलं, घरी जाऊ मग. तर म्हणाली, रक्त दिल्याशिवाय गेले तर हे मला सोडणार नाहीत, चार दिवस बोलत बसतील. तू दे की. तुझं-माझं काय वेगळं आहे? लालच असतंय नव्हं?

मला सुईची भीती कधीच नव्हती. सुईवरच तर पोट माझं. मी तिच्या हातातलं कुपन घेतलं आणि जाऊन खुर्चीवर बसले. नर्सला मान वर करायलाही सवड नव्हती. तिनं विचारलं, त्रिशला महावीर मगदूम? मी म्हटलं, हं. तिनं सुई घातली, रक्त काढलं, पट्टी चिकटवली. बाहेर येऊन आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हणूनच तर गोळा खाल्ला. त्रिशला म्हणाली, ह्यांना सांगू नकोस हं, ओरडतील. आणि मी कशाला सांगतेय? विसरूनही गेले. रिपोर्ट गिरणीत आले. ते तिच्या नवऱ्यानंच घेतले असणार.

मी पडद्याकडं बघत होते पण मला काही दिसत नव्हतं. आधी काय झालं सांगू? आधी मला आनंद झाला. आईशपथ सांगते, असा आनंद मला लेकीच्या जन्मालाही झाला नव्हता. त्रिशलाला काही नाही. त्रिशलाचं रक्त कुणी बघितलेलंच नाही. ती मरत नाही. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडणारी ही बाई घोड्यासारखी जगणार आहे. मी तिचा हात इतका घट्ट दाबला की ती म्हणाली, अगं बांगडी फुटेल.

आणि मग, तिचा हात माझ्या हातात असतानाच, मला कळलं की ते रक्त कुणाचं आहे.

माणसाला धक्का बसला की काय होतं म्हणतात? किंचाळतं, बेशुद्ध पडतं. मला तसलं काही झालं नाही. मला थंडी वाजली. पाय खुर्चीखाली आहेत की नाहीत तेच कळेना. जिभेवर पितळेची चव आली. डोक्यात एकच एक वाक्य फिरत होतं, कपाटाचं दार नव्हतं ते. कपाटाचं दार नव्हतं. मग लेकीचा चेहरा आला, मग अर्धवट शिवून ठेवलेले गिऱ्हाइकांचे ब्लाऊज आले. कुणाचं काय द्यायचंय तेही. मेंदू कशाचाही विचार करतो अशा वेळी. पडद्यावर बुटकी मेली. सगळं थिएटर रडलं. मी एकटीच कोरड्या डोळ्यांनी बसले होते.

दिवे लागले. बायका पदर सावरत, डोळे पुसत उठल्या. त्रिशला उठली, पिशवी घेतली, माझ्याकडं वळून थांबली.

"चल की. ऊन कलंडायला आलं असेल."

मी उठले नाही.

"रडालीस काय? सिनेमा आहे गं तो. त्या बाया घरी गेल्या असतील जेवायला."

"त्रिशला, बस जरा."

"घरी जाऊन बसू."

"बस म्हणते नव्हं."

ती बसली. थिएटर रिकामं झालं. एक माणूस झाडू घेऊन पुढच्या रांगांतनं कागद गोळा करत होता. मी तिला सांगितलं. आठवडाभरापूर्वी भावजी आले होते तिथपासनं. ती ऐकत होती. पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग भुवया वर गेल्या.

"म्हणजे ह्यांना वाटतंय, मी मरतेय?"

"हो."

"म्हणून रोज पेढे आणतात? म्हणून काल माझं डोकं चेपून दिलं?" ती हसायला लागली. "काय बाई तरी एकेक. मला वाटलं, बाहेर कुठं बाई ठेवली काय ह्यांनी. पण मला तर काही होत नाही गं. मी चांगली..."

"शिबिरातल्या रक्तात सापडलंय ते," मी म्हटलं. "तुझ्या नावाच्या."

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. ते जायला थोडा वेळ लागला. जाताना मला दिसत होतं, एकेक गोष्ट तिला कशी कळत होती ते. ती माझ्या दंडाकडं बघायला लागली. ते डाग. मग माझ्या तोंडाकडं. मग परत दंडाकडं.

"नाही," ती म्हणाली.

"हो."

"नाही म्हणते नव्हं. चुकलं असेल त्यांचं. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल."

"अदलाबदल आपणच केली, त्रिशला."

तिनं माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि हलवलं, जणू माझ्या अंगातनं काही सांडून जाईल. नाव घे त्याचं, म्हणाली. काय म्हणाले डॉक्टर, नीट सांग. मी म्हटलं, मला नाव माहीत नाही, मोठं दुखणं म्हणाले. तिनं ते नाव घेतलं. आमच्या गल्लीत कुणी घ्यायचं नाही ते, मोठ्यानं, रिकाम्या थिएटरात. झाडूवाला वळून बघायला लागला.

"इंटरव्हलला मी काय म्हटलं होतं?" तिनं विचारलं.

"भीती तिची आहे, तिला भिऊ दे."

"मग? भितीयस?"

"लई," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं. ती माझ्या शेजारी बसून राहिली. काही होणार नाही, असं ती म्हणाली नाही. त्याचं मला आजही बरं वाटतं. झाडूवाल्यानं आमच्या रांगेपर्यंत येऊन, बघून, आमची रांग तशीच सोडली आणि पुढं गेला.

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. दिवस बुडाला होता. मी म्हटलं, तुझं जेवण चुकलं गं माझ्यापायी. ती म्हणाली, चुकू दे.

भावजी ओट्यावर वाट बघत बसले होते. आम्हाला बघून उठले. सिनेमा कसला होता ते त्यांना तोवर कुणीतरी सांगितलेलं होतं. तोंड उतरलं होतं त्यांचं. त्रिशलानं त्यांना आत नेलं, मलाही ओढलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी सुईला भ्याले, माझ्याऐवजी मंगलनं रक्त दिलं. एवढंच.

भावजी बघत राहिले. मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. लहान पोराचं असतं तसं, आवरता न येणारं. ते त्यांनी दोन्ही हातांनी झाकलं. मग माझ्याकडं बघून हात जोडले.

"वहिनी, मला आनंद झाला ओ. तुमच्यासमोर मला आनंद झाला. मला माफ करा."

त्या आठवड्यात मला जे जे ऐकायला लागलं त्यात हे सगळ्यात कठीण होतं. त्यांच्या घरातला उजेड माझ्या घरातनं काढून आणल्यासारखा वाटला. पण मी त्यांना खोटं सांगितलं नाही.

"मलाही आधी तोच झाला, भावजी," मी म्हटलं. "माझं नंतर कळलं."

त्रिशला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चुलीवरचं झाकलेलं तिनं उघडलं नाही. रात्रभर ती आमच्याकडं राहिली, माझ्या लेकीच्या आणि माझ्या मध्ये, उपाशी.

सोमवारी आम्ही मिरजेला गेलो. ठरल्याप्रमाणेच. मला बरं नाही म्हणून, सोबतीला त्रिशला. भावजींना तिनं यायचं नाही म्हणून सांगितलं. दवाखान्यात रक्त घेणाऱ्या बाईनं विचारलं, कुणाचं रक्त घ्यायचं? त्रिशला पुढं झाली. म्हणाली, दोघींचं. आधी माझं.

"तुझं कशाला?"

"माझ्या नावाचा रिपोर्ट खोटा पडला पाहिजे नव्हं? माझं माझ्या नावावर, तुझं तुझ्या."

ती खुर्चीवर बसली. बाही वर केली. घामानं तिचं कुंकू कपाळभर पसरलं होतं, ओठ पांढरे पडले होते, पण तिनं तोंड फिरवलं नाही. सुई आत जाताना तिनं डोळे उघडे ठेवले आणि मोठ्यानं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, कुणी न विचारता. बाटलीवर पट्टी लागेपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि खुर्ची माझ्यासाठी पुसली.

मी बसले. जन्मभर सुई हातात धरलेली बाई मी. नर्सनं दंडाला नळी बांधली, सुई उचलली, आणि मला दिसलं ते एवढंच, की छत खाली येतंय. शुद्धीवर आले तेव्हा त्रिशला मला वारा घालत होती.

दुखणं होतंच. रक्ताचंच. डॉक्टर तरुण होते, त्यांनी काही लपवलं नाही, माझ्याशीच बोलले. म्हणाले, वर्षा-दोन वर्षांपूर्वी आला असता तर माझ्याकडं देण्यासारखं फार काही नव्हतं, आता एक गोळी निघालीय. रोज घ्यायची, जन्मभर. मग कागद उलटून पालटून बघत म्हणाले, हे इतक्या लवकर कसं सापडलं तुम्हाला? लोक प्लीहा सुजून पोट फुगल्यावर येतात माझ्याकडं, तोवर उशीर झालेला असतो. तुम्ही रक्त तपासायला गेलातच कशाला?

मी त्रिशलाकडं बघितलं. मला त्या शिबिरात कुणी कुपन दिलं नसतं. मी स्वतःहून तर कधीच गेले नसते.

"मी भित्री आहे म्हणून, साहेब," त्रिशला म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

वीस वर्षं झाली याला. लेकीचं लग्न झालं, नातू झाला, मी अजून फॉल-पिको करते. भावजी गेले गेल्या वर्षी, झोपेत, कसलंही दुखणं न होता. गोळी रोज चालू आहे आणि तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. त्रिशला सोबत येते. गुडघे दुखतात तरी येते. लॅबमधल्या नव्या पोरींना ती नको होते, कारण ती टेबलाला टेकून उभी राहते आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव खणखणीत सांगते. पट्टीवर लिहिलेलं वाचून दाखवायला लावते. बाटली ठेवेपर्यंत हलत नाही.

परवाच्या पोरीनं वैतागून विचारलं, "आजी, तुम्ही ह्यांच्या कोण?"

त्रिशलानं जरा विचार केला.

"एकदा हिचं मरण माझ्या नावावर आलं होतं," ती म्हणाली. "तेव्हापासनं येते. लिही तू, मंगल दत्तात्रय कोष्टी."